कृष्णाजी करणे

वासंतीने तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती जिन्यात उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी आणि अर्धा लिटर दूध. १९९७ सालचा जून होता. मुलाला, तनयला, बेंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्याची जागा सोडून मायलेक मल्लेश्वरमला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिकडे एकटीने बसून काय करायचं, असा सरळ हिशेब तिने केला होता.

घरमालकीण कृष्णवेणी अक्का खालच्या मजल्यावर राहायच्या. साठीच्या जवळपासच्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्या सासरचं घराणं चार-पाच पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, पण त्यात कानडी असं मिसळलेलं, की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या वेळी त्या पायरीवर बसून नातीची, शिल्पाश्रीची, वही तपासत होत्या.

"झालं की, अज्जी. चित्र तेवढं राहिलंय," नात म्हणाली.

अक्कांनी पान उलटून तारीख बघितली. "हे मागल्या महिन्यातलं दाखवायलीस. मला कृष्णाजी करू नकोस. बस आणि लिही."

पोरगी मान खाली घालून लिहायला बसली. वासंतीला गंमत वाटली. तिने विचारलं, "कृष्णाजी करणं म्हणजे काय हो, अक्का?"

"तुमच्या पुण्यात म्हणत नाहीत? गंडवणं. पण तसं साधं गंडवणं नव्हे. काम झालेलं नसतं आणि झालंय म्हणून काहीतरी दाखवायचं, स्वल्प राहिलंय म्हणायचं, ते कृष्णाजी करणं."

"आणि हे नाव कुठून आलं?"

"देवाचं की. लोणी खाऊन तोंड पुसून उभा राहायचा ना."

वासंतीला ते पटलं. वर जाऊन तिने ते तनयला सांगितलं, आणि तनयला तो शब्द इतका आवडला की आठवड्याभरात तो त्याच्या ऑफिसात पोचला. त्यांचा एक वरिष्ठ परदेशी गिऱ्हाइकांना संगणकावर नुसते रंगीत पडदे दाखवायचा, आतलं काम अजून व्हायचं असायचं, आणि शेवटचं टेस्टिंग तेवढं बाकी आहे म्हणायचा. "सर कृष्णाजी करतायत," असं तनय आणि त्याच्याबरोबरची दोन नागपूरची मुलं एकमेकांत म्हणायला लागली.

वासंतीच्या वडिलांचं नावही कृष्णाजी होतं. पण त्या नावाची माणसं गल्लोगल्ली असतात, तेव्हा तिच्या मनात काही आलं नाही.

तिचा जन्म बेंगळूरचा, हे मात्र तिला ठाऊक होतं. चार वर्षांची असताना घर पुण्याला हललं. वडील शिंपी, पुण्याला लष्कराचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. फार कमी बोलायचे. टाके मोजायचे ते कानडीत, "ओंदु, एरडु, मूरु", आणि बेंगळूरची तेवढीच खूण घरात उरली होती. तिकडे आमचं दुकान होतं, मल्लेश्वरमला, देवळाच्या मागच्या रस्त्यावर, एवढं आई कधीतरी बोलून गेली होती. जागा शोधताना वासंतीने मल्लेश्वरमचाच आग्रह धरला तो त्यामुळे. सवडीने ते दुकान बघून येऊ, असं तिने ठरवलं होतं, आणि सवड काही झाली नव्हती.

जुलैच्या एका रविवारी अक्कांचे थोरले दीर सुधींद्रअण्णा राजाजीनगरहून जेवायला आले. सत्तरीचे, सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, उंच, खणखणीत आवाजाचे. गणेशोत्सवात मराठी मंडळाची स्मरणिका निघायची ती दर वर्षी तेच काढायचे. तनयला त्या दिवशीही ऑफिस होतं, म्हणून अक्कांनी वासंतीला एकटीला जेवायला खाली बोलावलं. जेवणं झाली, कॉफी आली. शिल्पाश्रीने औषध घेतल्याचं खोटंच सांगितलं आणि अक्का पुन्हा म्हणाल्या, "कृष्णाजी करते बघा ही. देवाचं नाव, पण गुण हे."

"देवाचं कुठलं?" अण्णा हसायला लागले. "तेहतीस वर्षं झाली तुला या घरात येऊन आणि तुला हे कुणी सांगितलं नाही? कृष्णाजी म्हणजे कृष्णाजी शिंपी. आमच्या देवळामागे दुकान होतं त्याचं."

त्यांनी पेला खाली ठेवला, मांडी नीट घातली. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगितलेली होती हे दिसतच होतं.

"एकावन्न सालची गोष्ट. माझं लग्न ठरलेलं. त्या वर्षी मुहूर्त भरपूर, आणि बंद गळ्याचा काळा कोट शिवावा तर कृष्णाजीनेच, असं होतं. मी दोन महिने आधी कापड दिलं. पंधरा दिवसांनी गेलो. आत खुंटीला एक काळा कोट लटकत होता. लांबूनच दाखवून म्हणाला, हा तुमचाच, गुंड्या तेवढ्या राहिल्यात. मी खुशीत परत. आठ दिवसांनी गेलो, परत तेच. हात लावू दिला नाही. म्हणाला, टाके कच्चे आहेत. लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा गेलो, तर दुकानाला कुलूप आणि दारात माझ्यासारखे सात जण. पहाटेच्या गाडीने बायकापोरांना घेऊन गेला होता. आम्ही कुलूप तोडलं. आत तोच एक कोट. आणि आता ऐका. आठही जण म्हणायला लागले, हा माझा. प्रत्येकाला त्याने तोच दाखवला होता."

अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. शिल्पाश्रीही हसत होती.

"भांडण मिटेना, तेव्हा ठरलं, एकेकाने घालून बघायचा. एकालाही होईना. मला तर कोपरापर्यंतच बाह्या आल्या. मग कोणीतरी म्हणालं, अरे, एवढ्या लहान चणीचा माणूस एकच, खुद्द कृष्णाजी. त्याने स्वतःचा लग्नातला कोट टांगून आम्हा सगळ्यांना दोन महिने खेळवलं होतं. त्या दिवसापासून आमच्यात म्हणायला लागले, कृष्णाजी केला. आधी आम्ही आठ जण म्हणायचो, मग गल्ली, मग सगळी आमची माणसं."

"आडनाव काय होतं त्यांचं?" वासंतीने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"पिसे. पाटी होती की दुकानावर, के. एम. पिसे."

वासंतीने कॉफी संपवली. पेला विसळून पालथा घातला, गॅसवर भाजी आहे असं सांगून ती वर आली. गॅसवर काही नव्हतं. ती पलंगावर बसून राहिली. कृष्णाजी मारुती पिसे. मनिऑर्डरीच्या कागदावर, रेशनकार्डावर, आजारपणातल्या केसपेपरवर तिने हे नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाकडून चहासुद्धा फुकट घेतला नाही, त्याच्या नावाने या गावात सेहेचाळीस वर्षं लबाडी ओळखली जात होती. तिला आधी राग आला तो सुधींद्रअण्णांचा. मग, त्यांनी सांगितलं ते खरं असणारच, हे लक्षात आल्यावर राग वडिलांकडे वळला. वडील जाऊन अठरा वर्षं झाली होती. तो राग तिथे टिकेना.

तनयला तिने आठ दिवस काही सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी तो आल्या आल्या म्हणाला, "आई, आज सरांनी परत कृष्णाजी केला," आणि ती एकदम म्हणाली, "तो शब्द या घरात बोलू नकोस."

त्याला कळेना. तिने सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

"आपण दुसरी जागा बघू या का?" त्याने विचारलं.

"जागेचं काय चुकलं?"

"मग अक्कांना सांगून टाक. नाहीतर त्या रोज बोलणार आणि तू रोज ऐकणार."

"सांगेन. आधी त्यांना विचारते, ज्यांचा कोट बुडाला त्यांना."

पुढच्या बुधवारी ती बस पकडून राजाजीनगरला गेली. अण्णांनी दार उघडलं, आश्चर्य न दाखवता आत बसवलं. बाहेरच्या खोलीत त्यांच्या लग्नाचा फोटो होता. नवरदेवाच्या कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या, खांदे उतरलेले. वासंतीने तो नीट बघून घेतला.

"मेहुण्याचा कोट," अण्णा म्हणाले. "तो माझ्याहून दुप्पट होता."

"अण्णा, कृष्णाजी पिसे माझे वडील."

अण्णा खुर्चीत बसत होते ते बसले. "तुम्ही त्या दिवशी आडनाव विचारलंत," ते म्हणाले. "मला वाटलं, बाई चौकस आहेत."

"मी भांडायला आले नाही. तुम्हांला परक्याच्या कोटात लग्न करावं लागलं, ते दिसतंच आहे. मला एवढंच विचारायचंय, त्यांनी असं का केलं ते कोणाला कळलं का?"

"का केलं ते नाही ठाऊक." अण्णा म्हणाले. "पण एक गोष्ट आहे. त्रेपन्न साली माझ्या नावाने रजिस्टर पार्सल आलं, पुण्याहून. त्यात कोट होता. माझ्याच कापडाचा, माझ्याच मापाचा. खिशात एक चिठ्ठी. गुंड्या लावल्या आहेत, क्षमा असावी. खाली सही."

वासंतीने पुन्हा फोटोकडे बघितलं.

"तोवर माझं पोट सुटलं होतं. पुढून मिटेना. मावसभावाला दिला, त्याने तो खूप वर्षं वापरला. शिवण एका जागी उसवली नाही."

"बाकीच्यांना आले?"

"एक-दोघांना आल्याचं कानावर होतं. सगळ्यांचं माहीत नाही. आता त्यांतले बहुतेक गेले."

"त्या दिवशी तुम्ही हे सांगितलं नाहीत."

"कधीच सांगत नाही." अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "सुरुवातीला एक-दोनदा सांगितलं होतं. कोट परत आला म्हटलं की लोकांचं हसू थांबतं. मग गोष्ट तिथेच संपवायची सवय लागली, कुलूप तोडलं आणि कोट कोणालाच होईना, तिथे. पार्सलावर पत्ता होता तुमच्या वडिलांचा. पोचलं म्हणून एक कार्ड टाकायला हवं होतं मी. आज टाकू, उद्या टाकू म्हणत राहून गेलं."

त्यांच्या सुनेने कॉफी आणून ठेवली. दोघांनी ती घेतली. निघताना अण्णा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "कृष्णवेणीला मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

पण अक्कांकडे जाण्याआधी ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली आणि सोलापूरला दत्ताला, थोरल्या भावाला, फोन लावला. घर हललं तेव्हा दत्ता अकरा वर्षांचा होता. त्याला काही आठवत असलं तर तेवढंच.

दत्ताला सगळंच आठवत होतं.

"बाबांना नखुरडं झालं होतं," तो म्हणाला. "उजव्या अंगठ्याला. सुई लागली, पू झाला, डॉक्टरने शेवटी पेर कापलं."

"ते मशीनमध्ये गेलं होतं ना?"

"तुला तसं सांगितलं होतं. सुई धरता येईना. कापडं सगळी बेतून झाली होती, बेतलेलं कापड परत कसं देणार? बरं होईल, बरं होईल करत दिवस काढले. आई म्हणत होती, गिऱ्हाइकांना खरं सांगून टाका. ते म्हणायचे, शिंप्याचा अंगठा गेला हे एकदा कळलं की परत कोण कापड देईल? हात धोतरात लपवून बोलायचे माणसांशी. मी दुकानात बसलेलो असायचो, मला दिसायचं."

"आणि मग पळालात."

"पळालो. बेतलेली कापडं ट्रंकेत घालून नेली. पुण्याला दोन वर्षांत चार बोटांवर सुई धरायला शिकले. कारखान्यातून आले की संध्याकाळी एक एक कोट घ्यायचे. पार्सलं मीच टपालात न्यायचो."

"दत्ता, मला पन्नास वर्षं झाली. तुम्ही कोणी मला का सांगितलं नाहीत?"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि तू त्यांच्यावर फार जीव लावून होतीस."

बूथवाल्याने काचेवर टकटक केली. बाहेर रांग लागली होती. वासंतीने फोन ठेवला. चालत घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: लहान चणीचा माणूस, उजवा हात धोतरात, आणि डाव्या हाताने खुंटीकडे दाखवतोय. त्याची कीव येत होती. त्याच वेळी, आठ जणांना तोंडावर खोटं सांगणारा तोच होता, हेही तिला सोडता येत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर चार शिव्या बसल्या असत्या, कोणीतरी दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घेतले असते, आणि त्या लोकांची लग्नं आपल्या मापाच्या कोटात झाली असती.

संध्याकाळी तिने अक्कांना सगळं सांगितलं. अक्का शेंगा सोलत होत्या, सोलायच्या थांबल्या.

"अय्यो, आणि मी रोज तुमच्यासमोर," त्या म्हणाल्या. "एक शब्द बोलला असतात तर. आता नाही कोणी म्हणणार. शिल्पालाही सांगते."

"तसं नका करू. घरात रुळलेला शब्द आहे, सांगून थोडाच जाणार? पोरगी मुद्दाम गप्प बसायला लागली की मलाच अवघडल्यासारखं होईल. फक्त देवाचा आहे असं नका सांगू. माझ्या वडिलांचा आहे."

अक्कांनी थोडा विचार केला. "सरी, तसंच सांगते," त्या म्हणाल्या, आणि अर्ध्या शेंगा वासंतीच्या पुढ्यात सारल्या.

ऑगस्टच्या शेवटी अण्णा स्मरणिकेची तपासायची मुद्रितं घेऊन आले. त्या वर्षी त्यांनी आपल्या बोलीतल्या शब्दांवर दोन पानं काढली होती. 'कृष्णाजी करणे' त्यात होता. अर्थ लिहिला होता, 'फसवणे', आणि खाली कोट परत आल्यासकट सगळी हकीकत. त्यांनी कागद वासंतीच्या हातात दिला. "तुम्ही नको म्हणालात तर काढतो."

तिने चष्मा लावून वाचलं. "अर्थ बरोबर नाही."

"फसवलं नाही म्हणता?"

"फसवलं. पण फसवण्याला दुसरे शब्द आहेत. अक्कांनी मला पहिल्या दिवशी नीट सांगितला होता अर्थ. जे झालेलं नाही ते झाल्यासारखं दाखवून वेळ मारून नेणे. असं लिहा."

"लांब होतं."

"होऊ द्या."

अण्णांनी कुरकुर केली, मग पेन काढून समासात लिहिलं. छापलेल्या स्मरणिकेत दोन्ही अर्थ आले, त्यांचा आधी, तिचा नंतर. उत्सवात प्रसादाच्या रांगेत चार-पाच बायकांनी वासंतीला विचारलं, तुमचेच का ते वडील. ती हो म्हणाली. एकीने सांगितलं की तिच्या सासऱ्यांनाही असा कोट आला होता म्हणतात. दुसरी म्हणाली की तिच्या मामांना काहीच आलं नव्हतं आणि ते शेवटपर्यंत शिव्या देत होते. वासंतीने दोघींचं ऐकून घेतलं. मामांचं नाव-गाव तिने विचारून ठेवलं, पण ते घर केव्हाच मोडलं होतं आणि माणसं मैसूरकडे कुठे गेली ते त्या बाईंनाही माहीत नव्हतं.

स्मरणिकेची एक प्रत तिने दत्ताला पाठवली. ऑक्टोबरात त्याचं कार्ड आलं. अक्षर आता थरथरतं झालं होतं.

'अंक मिळाला. हकीकत बरी लिहिली आहे. एक चूक आहे. कोट आठ नव्हेत, नऊ होते. नववं गिऱ्हाईक त्या दिवशी परगावी असेल. आठ पार्सलं गेली, नववं पत्त्यावर राहत नाही असा शेरा येऊन परत आलं. बाबांनी दोनदा पाठवलं, दोनदा परत आलं. मग त्यांनी तो कोट उसवला आणि तुला त्याचा फ्रॉक शिवला. तू सहा-सात वर्षांची असशील.'

वासंतीला तो फ्रॉक आठवत होता. काळा, जाड, गळ्याशी टोचणारा. शाळेतल्या बाकीच्या मुलींचे फ्रॉक फुलाफुलांचे असायचे, म्हणून ती तो घालायला रडायची, आणि वडील समोर उकिडवे बसून, अर्ध्या अंगठ्याने, एक एक गुंडी लावून द्यायचे.